पुरस्कार, रेसिडेन्सी, अनुदान : अर्ज करताना या चुका टाळा

पुरस्कारासाठी पुस्तकाची तयारी कधी सुरू करायची, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं : पुस्तक छापायला जाण्याआधी. आमच्या वाचनालयाचा एक छोटा पुरस्कार आहे. त्याची पाकिटं फोडून अर्ज तपासायचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यामुळे चोपडा, पारोळा, शिरपूर, साक्री, नवापूर अशा गावांची लिहिणारी मुलंमुली राज्य पुरस्काराचे आणि अनुदानाचे अर्जही दाखवायला आणतात. चांगली पुस्तकं परीक्षकाच्या हातात पडण्याआधीच बाद होताना मी पाहत आलो आहे. कारणं दरवर्षी तीच असतात आणि त्यांचा लेखनाच्या दर्जाशी काडीचा संबंध नसतो.

आवृत्ती आणि साल : सगळ्यात महागात पडणारी चूक

राज्य शासनाचे स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या वर्षात निघालेल्या पुस्तकांना असतात, आणि पुस्तकाची पहिलीच आवृत्ती धरली जाते. हे साल कुठून बघतात? प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत छापलेली असते त्या पानावरून. प्रकाशन समारंभ कधी झाला, पाहुणे कोण होते, पेपरात बातमी कधी आली, याला तिथे किंमत नाही. तरी हे पान लेखक वाचतच नाहीत. कव्हरसाठी महिनाभर भांडतात आणि हे पान प्रेसवाल्यावर सोडून देतात.

शिरपूर तालुक्यातल्या एका कृषी सहायकाचं उदाहरण सांगतो. कवितासंग्रह खरोखर चांगला होता. कपाशीवरची बोंडअळी, तापीकाठची केळी, उसनवारी, सगळं आतून आलेलं. सप्टेंबरात मंगल कार्यालयात प्रकाशन झालं. व्यासपीठावरच्या प्रत्येकाला प्रत, सोयऱ्याधायऱ्यांना प्रत, ऑफिसातल्या साहेबांना प्रत. पहिल्या छपाईचा गठ्ठा दिवाळीआधीच संपला. प्रकाशकाने आणखी थोड्या प्रती काढल्या आणि पुस्तक चाललंय असं दिसावं म्हणून कव्हरवर ठळक छापलं, ‘दुसरी आवृत्ती’. आत एक अक्षर बदललेलं नव्हतं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गडी माझ्याकडे आला, पिशवीत पुस्तकं आणि अर्ज. मी पान उघडून दाखवलं आणि म्हटलं, पहिल्या आवृत्तीच्या प्रती आण.

“नाना, ती तं एकबी नही शे घरमा.”

मग दोन दिवस मोटारसायकलवर दोंडाईचा, शहादा, बेटावद करत त्याने वाटलेल्या प्रती परत गोळा केल्या. एकीवर ‘सप्रेम भेट’ आणि सही. एका शाळेतल्या प्रतीवर गोल शिक्का आणि दाखल क्रमांक. एक मावशीच्या घरी देव्हाऱ्याजवळ ठेवलेली, पहिल्या पानाला हळदीकुंकू लावलेलं. कोऱ्या प्रती मिळाल्या तोवर तारीख गेली होती. ते वर्ष गेलं की त्या पुस्तकाचा तिथला दरवाजा कायमचा बंद होतो, कारण पुढच्या वर्षी ते जुनं झालेलं असतं.

म्हणून मी सगळ्यांना एकच सवय लावायला सांगतो. प्रेसमधून गठ्ठा आला की पाहुण्यांच्या आधी दहा प्रती बाजूला काढायच्या, वर्तमानपत्रात बांधायच्या, वर ‘पुरस्कार’ लिहायचं आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकायच्या. आमदार आले तरी त्यातली द्यायची नाही. मजकूर तोच ठेवून पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण, आवृत्ती नव्हे. प्रकाशकाला तसंच छापायला लावायचं, नाही ऐकलं तर भांडायचं.

याचा दुसरा प्रकार डिसेंबरात होतो. पुस्तक डिसेंबरात छापून होतं, पानावर डिसेंबर पडतो आणि लेखक प्रकाशनाला मोठे पाहुणे मिळावेत म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबतो. बहुतेक वर्षी अर्जाची मुदत जानेवारीअखेर असते. समारंभ होतो तेव्हा ती उलटून गेलेली असते. डिसेंबरात छापायचंच असेल तर अर्ज आधी, समारंभ नंतर.

आणि या अर्जासाठी मुंबईला जायची गरज नाही. मुंबईबाहेरच्यांचे अर्ज आणि पुस्तकं जिल्हाधिकारी कार्यालयात घेतात, म्हणजे आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार. अर्जाला पैसे पडत नाहीत. तरीही दरवर्षी कोणी ना कोणी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठतो.

पहिल्या पुस्तकाची घाई

याचा मला खरा राग आहे. विसाव्या वर्षी चारोळ्यांची चाळीस पानांची पुस्तिका गावातल्या प्रेसमध्ये छापायची, वाढदिवसाला वाटायची आणि मग तिशीत खरा संग्रह तयार झाला की कळतं, पहिलं पुस्तक आधीच वापरून टाकलंय.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं आधी एकही पुस्तक आलेलं नाही, त्यांच्या हस्तलिखिताला त्यातून छपाईसाठी अनुदान मिळतं. राज्य पुरस्कारांतही पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे पुरस्कार आहेत. त्यातला कवितेचा पुरस्कार आपल्या बहिणाबाई चौधरींच्या नावाचा आहे. हे दोन्ही आयुष्यात एकदाच. त्या पुस्तिकेला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) असो नसो, तुमच्या नावाने छापून वाटली गेली असेल तर ती लपवता येत नाही आणि लपवूही नये. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांचा संग्रह १९५२ मध्ये आला. कविता त्याआधी कितीतरी वर्षं शेतात आणि जात्यावर तयार होऊन बसली होती. तुम्ही दोन वर्षं थांबलात तर कवितेचं नुकसान होणार नाही. मासिकांत पाठवा, दिवाळी अंकांत पाठवा, संपादकाकडून परत आलेलं पुन्हा लिहा.

पैसे भरून मिळणारे ‘राष्ट्रीय’ पुरस्कार

व्हॉट्सॲपवर संदेश येतो : आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा, शाल, सन्मानचिन्ह, सन्मानपत्र मिळेल, फोटोग्राफरची सोय आहे. भुसावळकडच्या एका शिक्षिकेने असे पैसे भरले, नवऱ्याच्या जेवणाचे वेगळे भरले, दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन सन्मान घेतला. एका दिवसात व्यासपीठावर इतके लोक येऊन गेले की तिचं नाव चुकीचं पुकारलं गेलं. त्याचं दुःख ती विसरली असती. पण पुढे तिने एका चांगल्या ठिकाणी अर्ज केला तेव्हा परिचयाचं पान अशाच पुरस्कारांनी भरलेलं होतं. माझ्याकडे आणलं तेव्हा मी सगळे काढायला लावले. खाली एक ओळ उरली : एका मासिकात आलेली कथा. ती एकच ओळ खरी होती आणि वाचणाऱ्याला तीच सापडायला हवी होती.

माझी कसोटी सरळ आहे. परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, गेल्या वर्षीची पुस्तकं कोणती, आणि पैसा कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात जातो. पुस्तकाच्या दोन-तीन प्रती मागणं रास्त आहे. लेखकाकडून रक्कम मागणं रास्त नाही. राज्य पुरस्कार आणि साहित्य अकादमी एक रुपया घेत नाहीत. मानद डॉक्टरेट विद्यापीठच देऊ शकतं, त्यामुळे ट्रस्टने दिलेली पदवी नावापुढे लावून अर्ज करू नका. अर्ज वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच खटकतं.

रेसिडेन्सीच्या अर्जात ‘मला लिहायचं आहे’ एवढंच लिहिणं

रेसिडेन्सी म्हणजे राहण्याची, जेवणाची सोय करून लेखकाला काही आठवडे काम करू देणं. बंगळुरूची संगम हाऊस २००८ पासून भारतीय भाषांतल्या लेखकांनाही घेते. अमेरिकेतला आयोवा विद्यापीठाचा लेखकांसाठीचा कार्यक्रम १९६७ पासून चालू आहे, मराठीतून दिलीप चित्रे तिथे गेले होते. खान्देशातून असे अर्ज फार थोडे जातात आणि जातात त्यात पुढच्या कामाबद्दल दोनच ओळी असतात.

अक्कलकुव्याकडच्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘आदिवासी जीवनावर कादंबरी लिहायची आहे.’ मी तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, आजी कुठे राहते ते सांग. मग निघालं की आजीचं गाव सरदार सरोवराच्या पाण्यात गेलं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या बुडालेल्या ३३ गावांपैकी एक. पुनर्वसनात मिळालेल्या घराचा नंबर आजीला पाठ नाही. ती अजून जुन्या गावातल्या मोहाच्या झाडाच्या खुणेवरूनच घराची दिशा सांगते. मी म्हटलं, हेच लिही. आजी कोण, कादंबरी कुठून सुरू होते, किती प्रकरणं झाली, राहिलेलं घरी का होत नाही, आणि तिथल्या सहा आठवड्यांत नेमकं काय पूर्ण करशील. तिने रात्री जागून नवा अर्ज लिहिला. तो वाचताना मलाच कादंबरी वाचायची इच्छा झाली. अर्ज असा हवा.

नमुन्याची पानं सर्वांत ताकदीची द्या, सुरुवातीची नव्हे. इंग्रजी अनुवाद मागितला असेल तर यंत्राने केलेला तसाच चिकटवू नका, विशेषतः संवाद अहिराणी किंवा भिलीत असतील तर. यंत्र त्याचा चुराडा करतं. गावातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाला चार पानांसाठी विनंती करा, कोणी नाही म्हणत नाही.

वयाच्या अटी

या वेळेत वाचा. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, रक्कम ५० हजार, आणि पुरस्काराच्या वर्षी १ जानेवारीला वय ३५ किंवा त्याखाली लागतं. केंद्राच्या पीएम-युवा योजनेत ३० पर्यंतच्या लेखकांना नॅशनल बुक ट्रस्टमार्फत सहा महिने दरमहा ५० हजार मिळतात. तिथे तयार पुस्तक नको असतं, दिलेल्या विषयावरचा प्रस्ताव आणि नमुना प्रकरणं लागतात. आपल्याकडची मुलं ३१ व्या वर्षी याची चौकशी करतात.

अहिराणीत लिहिणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : अकादमीच्या २४ भाषांत अहिराणी नाही, पण मान्यता नसलेल्या भाषांतल्या कामासाठी अकादमीचा भाषा सन्मान १९९६ पासून आहे. दार आहे, ते वेगळ्या बाजूला आहे.

थोडक्यात, पण महत्त्वाचं

श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल ऑनलाइन अर्जाला जोडली की पलीकडे चौकोन आणि चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये बदला आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा.

टोपणनावाने लिहीत असाल तर अर्जात आधारवरचं नावही द्या.

पाकिटावर पुरस्काराचं नाव आणि साहित्यप्रकार लिहा. स्पीड पोस्टची पावती फोटो काढून ठेवा.

परीक्षकाला फोन करू नका. ओळखीच्या माणसाकडूनही करवू नका. आमच्याकडे असा फोन आला की मी तो नोंदवतो आणि पुस्तक बाजूला जातं.

प्रकाशकांसाठी

आयएसबीएन विकत घेऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो फुकट मिळतो. एजंट हजार-दीड हजार घेतात आणि कधी दुसऱ्याच पुस्तकाचा आकडा टाकतात. पुरस्काराला पुस्तक गेलं आणि आकडा जुळला नाही की लेखक तोंडघशी पडतो.

१९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. जळगाव-धुळ्याचे बहुतेक छोटे प्रकाशक हे करत नाहीत, आणि मग आपल्या भागातलं पुस्तक देशाच्या नोंदीत राहत नाही. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठीही वेळेत प्रती द्या. ग्रंथालयांची खरेदी झाली तरच पुढच्या लेखकाला छापायला पैसा उरतो.

इंटरनॅशनल बुकर २०२५ मध्ये कन्नडच्या बानू मुश्ताक यांना मिळाला तेव्हापासून अनेक जण विचारतात की आपली कादंबरी तिथे कशी पाठवायची. लेखक पाठवू शकत नाही. पुस्तक इंग्रजी अनुवादात ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रसिद्ध झालेलं लागतं आणि तिथला प्रकाशक ते पाठवतो. ५० हजार पौंड लेखक आणि अनुवादकात निम्मे-निम्मे वाटले जातात. तेव्हा सुरुवात अनुवादकापासून करा. मराठीतल्या वैचारिक, संशोधनपर पुस्तकासाठी न्यू इंडिया फाउंडेशनची अनुवाद फेलोशिप आहे. सहा महिने, सहा लाख रुपये, आणि भाषांच्या यादीत मराठी आहे.

अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत ते करारात आधी बघा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देणं लेखीच लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. आपल्याकडचे करार बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर तोंडी होतात. अनुवादक दारात आला की लेखक म्हणतो हक्क माझे, प्रकाशक म्हणतो माझे, आणि अनुवादक दुसरं पुस्तक उचलतो. एका कागदावर दोघांच्या सह्या, अनुवाद, ऑडिओ आणि ई-बुकच्या हक्कांची एकेक ओळ आणि तारीख. हा कागद पहिलं प्रूफ यायच्या आधी करा.