सोलापूरच्या उन्हात फॅमिली एसयूव्ही कशी पारखायची

नवी गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडं माणसं सकाळी अकराला शोरूममध्ये जातात. सावलीत उभी असलेली, पुसून लख्ख केलेली गाडी, हातात चहाचा कप, विजापूर रोडला एक छोटा फेरा आणि मग सह्या. माझं काम गाड्यांच्या एसीचं. अक्कलकोट रोडला गॅरेज आहे. ओळखीतले लोक "मालक, जरा गाडी बघायला चला की" म्हणून नेतात तेव्हा मी दोन गोष्टी आधीच सांगतो. वेळ दुपारी दोनची ठेवा, आणि मागच्या सीटवर जे कायम बसणार आहेत त्यांना सोबत घ्या. गाडी चालवणारा एक असतो, पण तिच्यात तासन्‌तास बसणारे चौघं असतात. निकाल त्यांनी द्यायचा.

मी बोलतोय ते क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड विटारा, हायरायडर, एलेव्हेट, कुशाक, टायगुन ह्या गटाबद्दल. लांबी साधारण सव्वाचार ते साडेचार मीटर, पाच माणसांची सोय. दिसायला जीपसारख्या, पण बांधणी कारची. बोलेरो किंवा स्कॉर्पिओ-एनला खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा असतो, तसा ह्यांना नसतो. बॉडी आणि चासी एकच. बहुतेक मॉडेलांत इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. त्यामुळं गाडी हलकी चालते, हायवेला स्थिर राहते. पण पावसाळ्यात काळ्या रानाच्या चिखलातून रोज वस्तीवर जायचं असेल, तर हा गट तुमच्यासाठी नाही. उंच दिसते म्हणून चिखलातनं निघेल, हा हिशेब धरू नका.

पैशाचं एक आधी बघून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना 18 टक्के जीएसटी आहे. आपल्या ह्या गटाला 40 टक्के. म्हणजे चार मीटरच्या आतल्या व्हेन्यू-नेक्सॉन सोडून एक पायरी वर चढताना बराचसा पैसा करातच जातो. हातात जास्तीचं काय पडतं? मागच्या सीटची रुंदी आणि डिकी. मग तपासणीही तिथूनच सुरू करा. बॉनेट नंतर उघडू.

मागची सीट

आधी घरातला जो नेहमी गाडी चालवणार आहे, त्यानं पुढची सीट आपल्या उंचीप्रमाणं लावायची. मग आजींना मागं बसू द्या, आणि मदतीचा हात न देता फक्त बघा. पाय आत घेताना डोकं किती वाकवावं लागतं, दार किती रुंद उघडतं, खालचा उंबरा केवढा आहे. उंबरा रुंद असला की उतरताना नऊवारीचा काठ त्यावर घासतो आणि पावसाळ्यात दर वेळी चिखलानं भरतो. ह्या गाड्यांची सीट कारपेक्षा उंच असते, गुडघेदुखीवाल्यांना ती बरी पडते. पण ती नेमकी कमरेच्या उंचीला यायला पाहिजे. बुटक्या माणसाला वर चढावं लागलं, तर गुडघ्याचा फायदा तिथंच संपला.

बसल्यावर मांडी सीटवर पूर्ण टेकते का ते बघा. सीटचा तळ आखूड असला की मांडी अधांतरी राहते आणि पुण्याच्या वाटेवर मोडनिंबच्या पुढं पाय भरून येतात. एकदा एका घरच्या आजींना एक गाडी दाखवली, घरच्यांना रंगासकट पसंत होती. आजी म्हणाल्या, "सगळं चांगलं हाय, पण पाय नीट टेकंना झालेत, पुण्यापतोर कसं व्हायचं?" दुसऱ्या गाडीत बसल्या आणि निवांत पाठ टेकवली. तीच घेतली त्यांनी.

मग तीन मोठी माणसं मागं शेजारी-शेजारी बसवा. मधल्याचे खांदे दाबले जातात का, त्याच्या पायाखाली उंचवटा किती, एसीचे मागचे व्हेंट त्याच्या गुडघ्याला लागतात का. मधल्या जागेला डोक्याची उशी आणि खांद्यावरून येणारा तीन ठिकाणचा पट्टा आहे का, हे हातानं ओढून बघा. ब्रोशरमधल्या टिकमार्कवर जाऊ नका, कारण ह्या गोष्टी व्हेरिएंटप्रमाणं बदलू शकतात.

एसी, आणि त्यासाठी दुपार

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा 42-43 ला सहज जातो. त्या उन्हात गाडी तासभर उभी राहिली की आतली हवा आणि डॅशबोर्ड भट्टीसारखे होतात. एसीची परीक्षा तिथंच. टेस्ट ड्राइव्हची गाडी आधी तासभर उन्हात लावायला सांगा. फोन करून सांगितलं तर करतात.

गाडीत बसल्यावर आधी सगळ्या काचा खाली घ्या, ब्लोअर पूर्ण सोडा आणि मिनिटभर चालवत न्या, म्हणजे कोंडलेली गरम हवा बाहेर जाते. मग काचा वर, आतली हवा फिरवायचं बटन चालू, तापमान सगळ्यात खाली. सळईचा साधा डिजिटल थर्मामीटर पुढच्या मधल्या व्हेंटमध्ये खोचा. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर चांगल्या गाडीत तिथं दहा अंशांच्या आसपास आकडा दिसायला पाहिजे. आता सिग्नलला किंवा रस्त्याच्या कडेला गाडी चालू ठेवून पाच मिनिटं उभी करा. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर पुढच्या जाळीमागं असतो, चालत्या गाडीत त्याला वारा मिळतो. उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर येतो. त्यामुळं आकडा थोडा चढणारच. चार-पाच अंश चढून थांबला तर ठीक. चढतच राहिला, तर सात रस्त्याच्या गर्दीत मे महिन्यात मागच्या सीटवर घाम येणार हे नक्की समजा.

मागं बसलेल्यांना विचारायला विसरू नका. ह्या गटात मागं व्हेंट असतात, पण बहुतेक वेळा त्यांना स्वतःचा ब्लोअर नसतो, पुढचीच हवा नळीतून मागं येते. म्हणून पुढचे दोघं गारठतात आणि मागं लेकरू लालबुंद. व्हेंटसमोर हात धरून जोर बघा. मागच्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत वारा पोचतो की नुसता गुडघ्यावर पडतो?

अजून एक गोष्ट, जी शोरूममध्ये फारसं कोणी सांगत नाही. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणाऱ्या साध्या गाड्यांत एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, म्हणून इंजिन थांबलं की गारवाही थांबतो आणि नुसता वारा येतो. ग्रँड विटारा-हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिनासोबत मोटर आणि मोठी बॅटरी असलेल्या गाडीत, कॉम्प्रेसर विजेवर चालतो, तिथं इंजिन बंद असतानाही एसी चालू राहतो. सोलापूरसाठी हा फरक मोठा आहे. साध्या गाडीत आपोआप इंजिन थांबायची सोय बटन दाबून बंद करता येते का, ते विचारून घ्या.

मोठ्या सनरूफबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आपल्या गावात त्यापेक्षा हवेशीर सीट घ्या, म्हणजे ज्यांच्या आतून पंख्यानं हवा खेळते त्या. सनरूफच्या काचेखालचा कापडी पडदा पातळ असला तर दुपारी टाळूला झळ लागते, शिवाय त्या यंत्रणेमुळं डोक्यावरची जागा कमी होते. लेकरं हट्ट करतील, त्यांनाही दोन वाजता त्या काचेखाली बसवून बघा. आणि रंग पांढरा किंवा चंदेरी घ्या. काळी गाडी दिसायला देखणी असते, पण आमच्यासारख्यांकडं उन्हाळ्यात तिची तक्रार जास्त येते.

इंजिन

डिझेल कोणी घ्यावं? जे दर आठवड्याला लातूर, हैदराबाद, विजापूर करतात त्यांनी. नव्या डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो अधूनमधून तापून स्वतःला जाळून साफ करतो. त्यासाठी गाडी काही वेळ एका वेगानं पळावी लागते. रोज जुळे सोलापुरातून शाळा, तिथून नवी पेठ आणि परत, एवढंच असेल तर तो फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि खर्च येतो. अशा घरानं पेट्रोलच घ्यावं.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉल काय असतं हे इथं वेगळं सांगायला नको. त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मायलेज थोडं कमी पडतं. कंपनीच्या आकड्यावर खर्चाचा हिशेब मांडू नका. तीच गाडी, तेच इंजिन वापरणाऱ्या दोघा-तिघांना टाकी ते टाकी किती पडतं ते विचारा.

इंजिन पारखायची जागा तुळजापूरचा घाट. पाच माणसं, एसी पूर्ण, आणि चढावर ट्रकला ओलांडताना गाडी किती दम घेते ते बघायचं. शोरूमवाले तेवढ्या लांब गाडी देत नसतील, तर ओळखीत कुणाकडं तेच इंजिन आहे ते शोधा आणि त्यांच्यासोबत देवीचं दर्शन करून या. साधं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन शहरात गोड चालतं, चढावर मात्र गिअर उतरवावा लागतो. टर्बोला, म्हणजे जादा हवा दाबून घेणाऱ्या इंजिनाला, ती अडचण नसते. ऑटोमॅटिक घेताना कोणता प्रकार आहे ते नावानिशी विचारा. कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच (दोन क्लच आलटूनपालटून गिअर बदलतात तो) हायवेला झकास, पण गड्ड्याच्या यात्रेत किंवा मधल्या मारुतीच्या गर्दीत इंच-इंच सरकताना तो तापतो. रोजचं फिरणं पेठांत असेल, तर सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा, गिअरच्या पायऱ्या नसलेला) किंवा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा) बरा.

स्पीडब्रेकर, रात्र आणि ऊस

ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. एलेव्हेट 220 मिलिमीटर, ग्रँड विटारा 210, क्रेटा 190. पाच जण बसले, डिकी भरली की मागची बाजू खाली जाते. म्हणून भरल्या गाडीनं एखाद्या उंच गतिरोधकावरून जा आणि खाली घासतं का ऐका. खराब रस्त्यावर गाडी कशी वाटते, हे चालवणाऱ्याला विचारू नका, मागं बसलेल्यांना विचारा. स्टिअरिंग हातात असलेल्याला धक्का आधी दिसतो, तो अंग सावरतो. मागच्याला तो मणक्यात बसतो.

शक्य असेल तर अंधार पडल्यावर एक फेरा मागा. आपल्याकडं उसाच्या हंगामात मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी जोडट्रॉली अचानक समोर येते. डिपरवर प्रकाश किती लांब जातो आणि साइडपट्टी किती दिसते, ह्यावर घरच्यांचा जीव अवलंबून असतो. एडास, म्हणजे कॅमेरा-रडारवर चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेतला आपोआप ब्रेक चांगली गोष्ट आहे, पण अंधारात बाहेर लोंबणारा ऊस तो वेळेत ओळखेल ह्या भरवशावर वेग वाढवू नका.

सुरक्षेचे तारे बघताना चाचणी कुणी आणि कधी घेतली ते बघा. भारत एनकॅप ही गाडी आदळून सुरक्षा तपासणारी आपली चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू आहे. तिच्यात मोठ्यांसाठी जास्तीत जास्त 32 गुण, लहान मुलांसाठी 49. घरात लेकरू असेल तर दुसरा आकडाही तेवढ्याच काळजीनं वाचा. कुशाक आणि टायगुनला 2022 मध्ये ग्लोबल एनकॅप ह्या परदेशी संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळाले, तेव्हा मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडं पाच होते. पण हे सगळे तारे पट्टा लावलेल्या माणसांसाठी आहेत. लेकराला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसणं आजच्या आज बंद करा. मुलाची सीट आधी विकत घ्या, ती शोरूममध्ये न्या आणि मागच्या सीटच्या फटीतल्या आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट अडकवायच्या कड्यांना स्वतः अडकवून बघा.

डिकीचे लिटर वाचून काही कळत नाही. मंगळवेढ्याकडून ज्वारीचं पोतं येणार असेल, तर ते डिकीच्या काठावरून आत टाकायला किती उंच उचलावं लागेल, ते महत्त्वाचं. स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी आणि सीएनजीत टाकी डिकीची जागा खाते, हे उघडून डोळ्यांनी बघा. तळाची स्टेपनी बाकी चाकांएवढी आहे का, तेही तेव्हाच.

कोटेशन आणि ताबा

कोटेशनमध्ये एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा आणि दहा लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस (विक्रेता तुमच्याकडून आगाऊ घेतो तो आयकर) एवढंच मुख्य असतं. टीसीएस आयकर विवरणात वळता करून घेता येतो, म्हणून पावती जपा. विमा बाहेरून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे, दोन कोटेशन आणून समोर ठेवा. हँडलिंगच्या नावाखाली रक्कम लावली असेल तर ती खोडायला सांगा.

नोंदणी व्हायच्या आधी, तुमच्या नावावर येणारी तीच गाडी यार्डात जाऊन बघा. चासी नंबर लिहून घ्या आणि बनावटीचा महिना विचारा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. पाचही टायर बघा. रंग सावलीत कळत नाही, गाडी उन्हात काढायला लावा. बॉनेट उघडून कंडेन्सरच्या पात्या वाकल्यात का बघा. मग एसी लावून पंधरा मिनिटं उभी ठेवा, थर्मामीटर सोबत न्यायचाच. काही खटकलं तर त्या चासी नंबरची गाडी नको, दुसरी द्या, असं लेखी द्या. नंबर पडल्यावर कंपनी दुरुस्ती करून देते, गाडी बदलून देत नाही.