जुन्या जीपच्या पेट्रोल टाकीचा पाझर: पेस्टच्या आधी बैठक बघा

विलीज किंवा महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. आपण अक्षरशः पेट्रोलवर बसून गाडी चालवतो. म्हणून वास आला की 'जुनी गाडी आहे, चालायचंच' म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी सीट उचला.

बहुतेक टाक्यांना बघण्यासारखे जोड तीन: वर काट्याचं फ्लोट युनिट (टाकीत पेट्रोल किती आहे ते मीटरच्या काट्याला कळवणारं), पंपाकडे जाणाऱ्या पाईपचा नट आणि तळाचा ड्रेन प्लग. ड्रेन प्लग गळत असेल तर गाडी उभी असतानाही थेंब पडतो. टाकी फुल्ल केल्यावर किंवा चढावरच वास येत असेल तर फ्लोटचं पॅकिंग गेलंय. पाईपचा नट मात्र फसवतो. इंजिनवरचा पंप पेट्रोल खेचतो, त्यामुळे तिथून थेंब पडण्याऐवजी हवा आत शिरते आणि गाडी घाटात अडखळते. अशा वेळी लोक कार्बोरेटर खोलत बसतात. शंका असेल तर सगळे जोड पुसून कोरडे करा, वर खडूची पूड भुरभुरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ओला डाग जागा दाखवतो.

काम उघड्यावर करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साठून राहते. त्यामुळे गॅरेजच्या पिटवर, म्हणजे गाडीखाली काम करायच्या खड्ड्यावर, गाडी घेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत सगळी वाफच असते. वेल्डिंगवाल्याकडे ती तशीच अजिबात नेऊ नका.

आता फ्लोट युनिट. त्याचे पाच स्क्रू सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे ते एकाच दिशेनं बसतं; काढण्याआधी खूण करून ठेवा. खाली बहुधा कॉर्कचं कडक झालेलं पॅकिंग आणि शेलॅकचा थर सापडेल. शेलॅक म्हणजे लाख. सुतार लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवून करतो, आणि आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणजे तेच स्पिरिट. पूर्वी वर्षानुवर्षं टिकलेला जोड हल्ली सुटतो याचं एक कारण हे आहे. साधा सिलिकॉनही लावू नका. तो पेट्रोलमध्ये फुगतो आणि त्याचे तुकडे फिल्टरपर्यंत जातात.

भोकात स्वच्छ फडकं कोंबा, लाकडी किंवा पितळी पट्टीनं जुना थर खरवडा. मग युनिटची चकती काचेवर पालथी ठेवून कडेनं बघा. प्रत्येक स्क्रूच्या भोकाभोवती पत्रा दबून खालच्या बाजूला उंचवटा आलेला दिसेल आणि दोन स्क्रूंच्या मधल्या भागात फट राहिलेली असेल. कुणीतरी स्क्रू जीव खाऊन आवळल्याची ही खूण. पाझर या फटीतून येतो, म्हणून नुसतं पॅकिंग बदलून तो थांबत नाही. चकती सपाट लोखंडावर ठेवून ते उंचवटे हलक्या हातानं ठोकून बसवा. खरी दुरुस्ती ही. ती झाली की जोडाला फासायच्या पेस्टची गरजच उरत नाही.

पॅकिंग वायटॉनच्या (पेट्रोल सोसणारं एक रबर) २ ते ३ मिलिमीटरच्या शीटमधून कापा. पुण्यात नाना पेठेत किंवा कोल्हापुरात उद्यमनगरला विचारा, पण नुसतं 'पेट्रोलचं रबर द्या' म्हणू नका. वायटॉन असं नाव घेऊन मागा. भोकं पंचनं पाडा, कात्रीनं फाटतात. स्क्रूचे आटे टाकीत आरपार उघडत असतील तर पेट्रोल आट्यांतून वर चढतं, म्हणून प्रत्येक स्क्रूखाली तांब्याचा वायसर हवाच. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा आणि रबराची कड किंचित बाहेर फुगली की थांबा. नंतर काटा हलेनासा झाला तर युनिटला अर्थिंग मिळत नाही. चकतीपासून चेसिसला एक वायर द्या.

ड्रेन प्लगला तांब्याचा नवा वायसर घाला. जुनाच वापरायचा असेल तर गाडीपासून लांब, मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं मऊ पडतं. प्लगची बैठक, म्हणजे वायसर टेकतो ती कड, खरवडलेली असेल तर टर्नरकडून लेथवर पुसून घ्या. पाईपच्या नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे आटे फक्त दाबतात, पाणबंद होतं ते पाईपच्या पसरट तोंडामुळे. ते तोंड चिरलं असेल तर नवं काढा. नट फिरवताना टाकीकडचा भाग दुसऱ्या पान्यानं धरा, नाहीतर टाकीला केलेला डाख (सोल्डरचा जोड) सुटतो.

रस्त्यात गळती लागली तर कपड्याचा साबण चोळून घरापर्यंत येता येतं. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण हा इलाज घरी पोचेपर्यंतच.

तपासणीसाठी टाकीत कॉम्प्रेसरची हवा भरू नका, जुना पत्रा फुगतो. आधी दोन लिटर पेट्रोल घालून तळ बघा, मग टाकी भरा, खाली वर्तमानपत्र पसरून गाडी रात्रभर उभी ठेवा. आठवडाभरानं रबर बसलेलं असतं. तेव्हा पाचही स्क्रू एकदा तपासा आणि सैल वाटेल तोच पाव फेरा आवळा.