बॉगवर गेल्यावर बघायचं काय? आयर्लंडला राहणाऱ्या (आणि फिरायला येणाऱ्या) मराठी मंडळींसाठी

डब्लिनला भारतातून पाहुणे आले की आपली सगळ्यांची यादी ठरलेली असते, क्लिफ्स ऑफ मोहर, एखादा किल्ला, परत येताना आउटलेटमध्ये शॉपिंग. बॉगवर चला म्हटलं की लोक विचारतात, दलदलीत काय बघायचं? खरं सांगायचं तर मी पण पहिल्यांदा गेले तेव्हा दहा मिनिटांत कंटाळले होते. तपकिरी सपाट माळ, वारा, वर राखाडी आभाळ, संपलं. चूक माझीच होती, मी उभी राहून व्ह्यू शोधत होते आणि इथलं सगळं आहे घोट्याच्या खाली. तेव्हा हे कसं बघायचं ते लिहितेय.

जायच्या आधी एकच प्रश्न डोक्यात पक्का करा, इथलं पाणी येतं कुठून? बॉगला पाणी मिळतं फक्त पावसाचं, म्हणजे त्यात क्षार-खनिजं जवळजवळ नाहीतच, जमीन उपाशी आणि आंबट. फेनला (फेस नाही हो, दलदलीचाच प्रकार) पाणी येतं जमिनीखालून, झऱ्यांतून, चुनखडीतून मुरून, त्यामुळे ते क्षारयुक्त आणि पोटभरीचं. बाकी सगळा फरक यातूनच निघतो. मत्स्यालयाच्या दुकानात पीएचच्या पट्ट्या मिळतात (पाणी किती आंबट ते दाखवतात, आकडा जितका कमी तितकं आंबट), एक पाकीट घेऊन जा, मुलं खूश होतात. बॉगच्या डबक्यात पट्टी चारच्या आसपास जाते, म्हणजे साधारण टोमॅटोच्या रसाइतकं आंबट, आणि चुनखडीच्या फेनमध्ये सातच्या वर.

गंमत म्हणजे इथल्या मिडलँड्समधले (म्हणजे देशाच्या मधल्या भागातले) बहुतेक बॉग लहानपणी फेनच होते. हिमयुग संपल्यावर, दहाएक हजार वर्षांपूर्वी, उथळ तळी राहिली, त्यात बोरू-लव्हाळे माजले, मेलेली झाडं पाण्यात नीट कुजेनात म्हणून थर साचत गेले, आणि एक दिवस (म्हणजे काही हजार वर्षांनी) पृष्ठभाग इतका वर आला की खालचं पाणी पोचेना, मग पावसावर जगणारं मॉस (शेवाळासारखी बुटकी वनस्पती) आलं आणि त्याने ताबा घेतला. हा साचलेला थर म्हणजे पीट. वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे एक मीटर खाली गेलात की हजार वर्षं मागे.

कुठे जायचं? बॉगसाठी ऑफलीतला क्लारा बॉग. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनहून गॉलवेच्या लाइनवर क्लारा स्टेशन आहे, तिथून दोनेक किलोमीटर. लाकडी पायवाट आहे, गुडघे दुखणारे आईबाबासुद्धा आरामात फिरतात. फेनसाठी किल्डेअरमधलं पोलार्ड्सटाउन, न्यूब्रिजजवळ. दोन्हीकडे पायवाट उघडी आहे ना ते आधी बघून घ्या, दुरुस्तीसाठी कधी बंद असते. गमबूट घाला. मी रनिंग शूज घालून गेले होते आणि फोटोच्या नादात फळीवरून एक पाय खाली ठेवला तर गुडघ्यापर्यंत आत, बूट निघाला पण मोजा तिथेच राहिला. पायवाट सोडू नका ते यासाठी, आणि तुमच्या एका पावलाने तिथलं मॉस चेपलं की भरून यायला वर्षं लागतात यासाठी पण. साप आयर्लंडमध्ये नाहीतच, पण चिलटं आणि गोचीड आहेत, पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर पाय तपासा.

आता बघायचं कसं. फळीवर सरळ पालथे झोपा. लाज वाटू देऊ नका, तिथे तसंही कोणी नसतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलचा मॅक्रो मोड. समोर जो हिरवा-लाल-पिवळा गालिचा दिसतो ते स्फॅग्नम मॉस, आणि खरं म्हणजे हा सगळा बॉग त्याचाच आहे. त्याच्या पानांत मेलेल्या रिकाम्या पेशी असतात, त्यांना भोकं असतात, त्यात ते स्वतःच्या वाळक्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकतं. बोटाने हलकंच दाबून बघा, उपटायचं नाही. शिवाय हे मॉस पाण्यातलं उरलंसुरलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतं आणि बदल्यात आम्ल सोडतं, म्हणजे शेजाऱ्यांना जगणं अवघड व्हावं अशी सोय स्वतःच करतं, अगदी सोसायटीतल्या एखाद्या काकांसारखं.

मग उंचसखलपणा बघा. फूटभर उंचवटा आणि त्याच्या शेजारी डबकं, एवढ्यात वस्ती बदलते. उंचवट्यावर कोरड्यात हेदर नावाचं झुडूप, उतारावर लाल स्फॅग्नम, पाण्यात लोंबणारं हिरवं स्फॅग्नम. मे-जूनमध्ये पांढरे कापसाचे गोंडे दिसतात ते बॉग कॉटन, कापसाशी काही संबंध नाही, लव्हाळ्याच्या कुळातलं आहे. एका दांड्यावर तीन-चार गोंडे लोंबत असतील तर साधं बॉग कॉटन, एकच ताठ गोंडा असेल तर हेअर्स-टेल. जुलैत बॉग ॲस्फोडेलचे पिवळे तुरे, ऑगस्टमध्ये हेदर जांभळं.

ज्यासाठी मी लोकांना ओढून नेते ते म्हणजे सनड्यू. आई आली तेव्हा तिने भिंगातून बघितलं आणि म्हणाली, अगं हे तर आपल्या कासवर बघितलं होतं! बरोबरच आहे, कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात ड्रॉसेरा असतो, आपण त्याला दवबिंदू म्हणतो, जात वेगळी पण कुळ तेच. लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब, चिलट बसलं की पान हळूहळू आवळतं. डबक्यात ब्लॅडरवर्ट असतं, म्हणजे आपल्या सीतेच्या आसवांची बहीण, पाण्यातल्या बारीक किड्यांना पिशवीत ओढणारी. दोन्हीकडे कारण एकच, जमिनीत नायट्रोजन नाही म्हणून किडे खायचे. मग कासवर पीट का नाही? कारण पावसाळ्यानंतर कातळ वाळतो, हवा लागते, सगळं कुजून जातं. पीट साचायला बारा महिने ओल लागते, ती इथे आहे, त्याबद्दल आपण एरवी कितीही कुरकुर केली तरी.

प्राण्यांसाठी घाई करू नका, उन्हाच्या वेळी एका डबक्यापाशी पंधरा मिनिटं गप्प बसा. काठावर पुढचे पाय पाण्यावर टेकवून बसलेला मोठा तपकिरी कोळी दिसेल, राफ्ट स्पायडर, पाण्याच्या थरथरीवरून भक्ष्य ओळखतो. चतुर येतील. फळीवर ऊन खात कॉमन लिझर्ड पडलेली असते, आयर्लंडचा मूळचा सरपटणारा प्राणी हा एवढाच. कर्ल्यू पक्ष्याचा लांब आवाज ऐकू आला तर नशीब समजा, इथे अंडी घालणारे आता फार थोडे उरलेत.

फेनवर नजर वेगळी ठेवा, तिथे उंच बोरू, सॉ-सेज (करवती काठाचं लव्हाळं), आणि भरपूर गोगलगायी, कारण शंखाला चुना लागतो. पोलार्ड्सटाउनला व्हर्टिगो नावाच्या मिलिमीटरभर-दोनभर उंचीच्या गोगलगायी आहेत, त्यांच्यापायी किल्डेअर बायपासचं काम रखडलं होतं, कारण रस्ता खोदताना भूजल खाली गेलं असतं तर झरे आटले असते. शेवटी पाणी झिरपू नये अशी बांधणी करून 2003 साली रस्ता सुरू झाला. तुम्ही एम-सेव्हन मोटरवेवरून जाता तेव्हा त्या तुकड्यावर आठवण काढा.

बॉग जिवंत आहे की नाही हे पण ओळखता येतं. सरळ रेषेत खणलेले चर, उघडं काळं पीट, मॉस गायब आणि नुसतं हेदर, म्हणजे पाणी काढून टाकलंय. हवा आत गेली की हजारो वर्षांचा साचलेला कार्बन सुटायला लागतो. बोर्ड ना मोना या सरकारी कंपनीने 2021 मध्ये पीट काढणं बंद केल्याचं जाहीर केलं आणि आता बऱ्याच ठिकाणी चरांना बांध घालून पाणी परत अडवतायत. तुम्ही बाल्कनीत मेथी-कोथिंबीर लावत असाल तर कंपोस्टच्या पिशवीवर पीट-फ्री लिहिलंय का ते बघा, नसेल तर त्यात बहुतेक कुठल्यातरी बॉगचा तुकडाच असतो.

आणि पाऊस फारच लागला (लागणारच) तर डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये जा, प्रवेश मोफत आहे. 2003 मध्ये बॉगमध्ये सापडलेले दोन हजार वर्षांहून जुने दोन पुरुष तिथे आहेत, हवा नाही आणि आंबट पाणी यामुळे कातडी तशीच. ओल्ड क्रोहन मॅनची नखं बघा, आणि दुसऱ्याच्या केसांना लावलेलं पाइनच्या डिंकाचं जेल, ते परदेशातून मागवलेलं होतं म्हणे. आई त्या नखांपाशीच अर्धा तास उभी होती.