पगारमर्यादेत राहून एनएफएलचा संघ कसा बांधावा

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये 1994पासून प्रत्येक संघाच्या मानधनावर कमाल मर्यादा आहे. 2024 साली ती 25 कोटी 54 लाख डॉलर होती आणि 53 खेळाडूंचा संघ तेवढ्यातच बसवायचा होता. म्हणून संघबांधणीची सुरुवात नामवंतांपासून नव्हे, तर ड्राफ्टपासून, म्हणजे संघांनी नवोदित खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेपासून, करावी. त्यातून आलेल्या नवोदिताचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि त्याची रक्कम निवडीच्या क्रमानुसार बरीचशी ठरलेली असते. सिएटलने 2012 साली तिसऱ्या फेरीत रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) घेतला. त्या स्वस्त करारामुळे पुढच्या वर्षी मायकेल बेनेट आणि क्लिफ एव्हरिल हे बचावपटू आणता आले, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये संघाने डेन्व्हरला 43–8 असे हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

सर्वाधिक सावधगिरी सहीच्या बोनसबाबत बाळगावी. हा पैसा लगेच द्यावा लागला, तरी हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागता येतो. समजा, चार वर्षांच्या करारात दोन कोटींचा बोनस दिला, तर दरवर्षी 50 लाख मोजले जातात. मात्र दोन वर्षांनी, 1 जूनपूर्वी, खेळाडूला मुक्त केल्यास उरलेले एक कोटी त्याच वर्षाच्या मर्यादेतून वजा होतात, आणि मैदानावर मात्र त्या पैशाचा खेळाडू नसतो. तिशीकडे झुकलेल्या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला) असा लांब करार देणे मला तरी सर्वथा अयोग्य वाटते.

लाडका खेळाडू महाग होण्याआधी त्याला सोडण्याचे धैर्यही हवे. कॅन्सस सिटीने 2022 साली टायरीक हिलला मायामीकडे देऊन पाच ड्राफ्ट निवडी मिळवल्या आणि पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले.