केसपेपर मागताना वेळही लिहून घ्या

डिस्चार्ज कार्ड हातात आलं म्हणजे सगळे कागद मिळाले असं नाही. नर्सच्या नोंदी, ऑपरेशनची टिपणं, संमतिपत्र फाइलमध्येच राहतात आणि तक्रारीच्या वेळी नेमके तेच लागतात. अर्जाच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळही घ्या, कारण २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. 'गोपनीय आहे' हे कारण मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच फेटाळलंय. झेरॉक्सचे पैसे मात्र द्यावे लागतील. अन् थांबू नका: दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपायचं बंधन आहे.