मोटोजीपी पाहायला शिकायचंय? शुक्रवारपासून सुरुवात करा

नवीन माणसाला मोटोजीपीबद्दल, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेबद्दल, जो तो एकच सल्ला देतो: रविवारची रेस बघत जा, हळूहळू कळेल. नाही कळत. मी तीन हंगाम तसंच बघितलं आणि मला कळलं काय, तर लाल गाडी पुढे असते. निम्म्या रेसपर्यंत पाचवा असलेला रायडर शेवटी पहिला कसा झाला, हे मला दर वेळी नशिबाचाच खेळ वाटायचं. तो नशिबाचा खेळ नसतो. बहुतेक वेळा ते शुक्रवारीच छापून आलेलं असतं, फक्त कुठे वाचायचं ते कुणी सांगत नाही. ते इथे सांगते. बाकीच्या गोष्टी थोडक्यात उरकते.

वेळापत्रक एकदा बसून भारतीय वेळेत उतरवा. युरोपातली दुपारी २ ची रेस आपल्याकडे संध्याकाळी ५:३० ला लागते. ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे सरकली की ६:३० ला. जपानचं मोतेगी सकाळी १०:३० ला. टेक्सासमधली ऑस्टिनची रेस मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे सोमवारी ऑफिसात डोळे चोळायची तयारी ठेवायची. रेस नंतर बघणार असाल तर सगळे ग्रुप म्यूट करा, घरचासुद्धा. माझ्या भाच्याने एकदा ‘मावशी, बघितलंस का!!’ एवढंच लिहिलं होतं. दोन उद्गारचिन्हांवरून मी विजेता ओळखला.

गुण पाठ करून टाका. मुख्य रेसला पहिल्या पंधरा जणांना २५, २०, १६, १३, ११ आणि मग १० पासून एकेक कमी होत १ पर्यंत. २०२३ पासून शनिवारी निम्म्या अंतराची स्प्रिंटही असते, तिला पहिल्या नऊ जणांना १२, ९, ७ आणि पुढे ६ पासून १ पर्यंत. स्प्रिंट म्हणजे पोरखेळ, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. २०२४ मध्ये पेक्को बान्यायाने ११ मुख्य रेस जिंकल्या, होर्हे मार्तिनने फक्त ३. विजेतेपद मार्तिनचं, ५०८ विरुद्ध ४९८. बान्याया रविवारी जिंकत होता, पण मधूनमधून पडून हातचे गुण घालवत होता, आणि त्यातले बरेच शनिवारी गेले.

रायडर निवडताना विजेत्याच्या मागे लागू नका. मार्क मार्केझने २०२५ चं विजेतेपद मोतेगीला पक्कं केलं तेव्हा हंगामाचे अजून पाच रेस-आठवडे बाकी होते. फक्त त्याच्यासाठी टीव्ही लावणाऱ्यांचा हंगाम तिथेच संपला. आठव्या ते पंधराव्या क्रमांकातला एखादा घ्या. त्याचा नववा क्रमांकही तुम्हाला सण वाटेल. आपल्याकडचा धागा हवा असेल तर तोही आहे: मोटोजीपीत उतरणाऱ्या केटीएम कंपनीच्या लहान गाड्या पुण्याजवळ चाकणला बनतात, आणि हाच बान्याया त्याची पहिली ग्रां प्री, म्हणजे रविवारची मुख्य रेस, जिंकला ती महिंद्रावर, २०१६ मध्ये असेनला, मोटो३ या लहान गाड्यांच्या वर्गात. मुंबईच्या कंपनीची गाडी नेदरलँड्समध्ये सगळ्यांच्या पुढे, हे त्या दिवशी आमच्या सोसायटीत कुणालाच माहीत नव्हतं. मला स्वतःला पुढच्या वर्षी कळलं.

आता खरं काम. शुक्रवारी सकाळी ४५ मिनिटांचा पहिला सराव असतो आणि दुपारी तासाभराची ‘प्रॅक्टिस’. दुपारच्या सत्रातले पहिले दहा थेट शनिवारच्या दुसऱ्या पात्रता फेरीत जातात, जिथे रेसला पुढून कोण सुटणार ते ठरतं. बाकीच्यांना आधी पहिली फेरी खेळावी लागते आणि तिथून दोघेच वर येतात. म्हणून दुपारी शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळे नवाकोरा सॉफ्ट, म्हणजे मऊ आणि जास्त पकड देणारा, टायर चढवतात आणि एका लॅपसाठी, म्हणजे सर्किटच्या एका चकरेसाठी, जीव काढतात. संध्याकाळी बातम्यांत जी यादी येते ती या एका लॅपची असते. रविवारी वीस-पंचवीस लॅप मारायच्या असतात, त्याही झिजत जाणाऱ्या टायरवर. हा एवढा फरक समजायला मला तीन वर्षं लागली. दरम्यान भाच्याशी लावलेल्या पैजांत शुक्रवारचा पहिला नंबर बघून नाव सांगायचे आणि मिसळीचे पैसे भरायचे.

मोटोजीपीच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक सत्रानंतर निकालाच्या पानावर पीडीएफ येतात. त्यातली ‘ॲनालिसिस’ नावाची उघडा. फुकट असते. तिच्यात प्रत्येक रायडरची प्रत्येक लॅप, चारही सेक्टरच्या, म्हणजे सर्किटच्या चार तुकड्यांच्या, वेळांसकट दिलेली असते. आणि प्रत्येक खेपेच्या डोक्यावर, म्हणजे पिटमधून (संघ गाडी तयार करतो त्या जागेतून) निघून परत पिटमध्ये येईपर्यंतच्या लॅपच्या वर, लिहिलेलं असतं की पुढचा टायर कोणता, मागचा कोणता, आणि तो नवा की किती लॅप वापरलेला. या शेवटच्या आकड्यात सगळा जीव आहे.

एक उदाहरण, आकडे माझे. समजा स्पेनमधल्या जेरेझचं सर्किट आहे. पहिल्या रायडरची सर्वोत्तम लॅप १ मिनिट ३६.८ सेकंद, यादीत तो दुसरा. दुसऱ्याची १ मिनिट ३७.३, यादीत तो अकरावा, बातमीत त्याचं नावही नाही. आता ॲनालिसिस उघडा. पहिल्याच्या आधीच्या खेपेत, दहा लॅप झिजलेल्या मीडियमवर (सॉफ्टहून कडक टायरवर), वेळा आहेत १ मिनिट आणि ३८.५, ३८.६, ३८.८ सेकंद. दर लॅपला घसरतोय. दुसऱ्याकडे तोच मीडियम, चौदा लॅप झिजलेला, आणि वेळा ३७.९, ३८.०, ३७.९, ३८.१, ३८.०. घड्याळ लावल्यासारख्या. लॅपमागे सरासरी साधारण ०.६५ सेकंदाचा फरक पडला. जेरेझची रेस २५ लॅपची, म्हणजे सोळा सेकंदांच्या आसपास. पैज अकराव्यावर लावायची.

हे वाचून उत्साहात कॅल्क्युलेटर उघडाल आणि सगळ्या लॅपची सरासरी काढाल. मीही तेच केलं होतं. पिटमध्ये येतानाची लॅप, बाहेर पडतानाची लॅप, कुणाच्या तरी मागे अडकून सोडून दिलेली लॅप, सगळं एकत्र ढवळलं आणि निष्कर्ष काढला की त्या आठवड्याचा सगळ्यात संथ रायडर मार्क मार्केझ आहे. तो निष्कर्ष मी ग्रुपवर लिहिलासुद्धा. अजून मधूनमधून त्याचा स्क्रीनशॉट मला येतो. तर सरासरीच्या नादी लागू नका. प्रत्येक खेपेतल्या सलग तीन-चार स्वच्छ लॅप शोधा, जिथे वेळा एकमेकींच्या दोन-तीन दशांशांच्या आत आहेत. तेवढ्याच वहीत उतरवा, बाजूला टायरचा प्रकार आणि वय. सलग तीन स्वच्छ लॅप नसतील तर त्या रायडरपुढे रेघ ओढा, अंदाज बांधू नका. पिवळ्या झेंड्यामुळे किंवा ट्रॅकच्या हद्दीबाहेर गेल्यामुळे रद्द झालेल्या लॅपवर खूण असते. त्यातली वेळ मोजायची नाही, पण किती वेळा रद्द झाली ते बघायचं. एकाच सत्रात तीनदा हद्द ओलांडणारा माणूस गाडीशी भांडत असतो.

सकाळची खेप दुपारच्या खेपेशी कधीही ताडून बघू नका. सकाळी ट्रॅक थंड असतो. मे महिन्यात दुपारी दोनला त्याच डांबरावर ५० अंशांच्या आसपास तापमान असेल, तर सकाळी लोण्यासारखी चालणारी गाडी घसरायला लागते. मी एकदा पूर्ण रेस-आठवड्याचा हिशोब सकाळच्या सत्रावर मांडला होता, रविवारी माझा हुकमी माणूस सातवा आला. तेव्हापासून वहीत दोन वेगळे रकाने आहेत. सराव सत्रांतला सगळ्यात भरवशाचा कागद शनिवारी सकाळच्या अर्ध्या तासाच्या सत्राचा (उतरवायचा मात्र सकाळच्याच रकान्यात). त्याच्यावर पात्रता अवलंबून नसते, त्यामुळे बरेचसे संघ निवांतपणे जुन्या टायरवर रेसचा वेग तपासत असतात. समालोचक त्या वेळी हवापाण्याच्या गप्पा मारतात. तुम्ही आवाज बंद करून लाइव्ह टायमिंग लावा.

आणखी एक खोट. पात्रता फेरीत काही जण मुद्दाम वेगवान रायडरच्या मागे लागतात आणि त्याच्या हवेच्या ओढीत एक लॅप चोरतात. असा माणूस पहिल्या रांगेत दिसला तर भुलू नका. उलट, वेग असूनही दहाव्या जागेवरून सुटणारा दिसला की मन घट्ट करा. आजच्या गाड्यांवर इतके पंख आहेत की दुसऱ्याच्या मागे लागलं की पुढच्या टायरला गार हवा मिळत नाही. तो तापतो, त्यातला दाब वाढतो आणि ब्रेक लावताना पुढचं चाक धरत नाही. वहीतला वेग मोकळ्या ट्रॅकवरचा असतो, गर्दीतला नाही. मी प्रत्येक नावापुढे ग्रिडचा, म्हणजे सुटतानाच्या जागेचा, क्रमांक लाल पेनाने लिहिते, आणि आठव्याच्या मागे असेल तर तीन जागा कापते. हा नियम माझा आहे, शास्त्र नाही.

पाऊस आला की वही मिटायची.

शनिवारची स्प्रिंट संपली की तिचाही ॲनालिसिस काढा. रविवारचा वेग त्याच्यापेक्षा चांगला कुठेच दिसत नाही. सप्टेंबर २०२३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारत जीपी (भारताची ग्रां प्री) झाली, मी तिथे होते. स्प्रिंटच्या पहिल्याच वळणावर मार्को बेझेक्कीला त्याच्याच संघातल्या लुका मारिनीची धडक बसली आणि तो पार मागे फेकला गेला. तिथून तो पाचवा आला. स्टँडमध्ये सगळे मार्तिनच्या विजयाबद्दल बोलत होते. माझ्या शेजारच्या मुलाने फोनवर बेझेक्कीच्या लॅप दाखवल्या आणि म्हणाला, ‘ताई, उद्या हा.’ रविवारी बेझेक्की आठ सेकंदांहून जास्त फरकाने जिंकला. मला कागद वाचायला शिकवणारा माणूस म्हणजे शेजारचा तो मुलगा. (प्रत्यक्ष सर्किटवर जाणार असाल तर टोपी, पाणी आणि पॉवर बँक. एका स्टँडमधून दोन-तीन वळणंच दिसतात, बाकीची रेस फोनवरच कळते.)

मुख्य रेस बघताना पहिल्या पाच लॅप मजेत बघा, ओरडा. सहाव्या लॅपपासून पडद्यावरच्या अंतरांच्या आकड्यांकडे लक्ष द्या. पुढच्याशी १.२ सेकंदांचं अंतर १.१, १.०, ०.९ होत आलं की चार-पाच लॅपनंतर तिथे काहीतरी घडणार. आणि पुढचा माणूस विनाकारण वाट देताना दिसला तर तो वेडा झालेला नाही, टायरचा दाब सांभाळतोय. मुख्य रेसच्या किमान ६० टक्के लॅपमध्ये पुढच्या टायरचा दाब ठरावीक मर्यादेच्या वर राहावा लागतो, नाहीतर निकालात १६ सेकंद वाढतात. एकटं पुढे पळालं की टायर गार पडतो आणि दाब उतरतो. २०२५ च्या थायलंडच्या रेसमध्ये मार्क मार्केझने धाकट्या भावाला, ॲलेक्सला, आपणहून पुढे जाऊ दिलं, त्याच्या मागे बसून टायर तापवला आणि शेवटच्या काही लॅपमध्ये त्याला मागे टाकून जिंकला. त्याच हंगामात कतारला मॅव्हरिक विन्यालेस दुसरा आला, पण त्याच १६ सेकंदांमुळे चौदावा झाला. म्हणून रेस संपल्यावर लगेच टीव्ही बंद करू नका, पैजेचे पैसे तर मुळीच देऊ नका.

जर्मनीतलं साखसेनरिंग सर्किट आलं की एवढंच लक्षात ठेवा: दहा वळणं डावीकडे, तीन उजवीकडे. टायरची उजवी बाजू गार राहते आणि अकराव्या वळणावर, उतारावर, माणसं एकामागोमाग एक पडतात. त्या आठवड्यात वहीपेक्षा कोण कुठे पडतंय याची यादी ठेवलेली बरी.

हंगाम संपल्यावर चाचण्यांच्या वेळा बघून हुरळू नका. फेब्रुवारीत मलेशियातल्या सेपांगला सकाळी ट्रॅक जरा थंड असताना सगळे नव्या टायरवर एकेक लॅप मारून घेतात आणि मथळे त्याचेच होतात. दुपारी उकाड्यात कुणीतरी गुपचूप सलग दहा लॅपची नकली स्प्रिंट मारून जातो. ती शोधा. आणि २०२७ साठी वही नवी घ्या: इंजिन १००० वरून ८५० सीसीचं होणार, टायर मिशेलिनऐवजी पिरेलीचे येणार. जुन्या वहीतले टायरचे रकाने तेव्हा रद्दीत जातील. माझ्या भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही.