नवरा-बायको वेगळे राहत असतील तर अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज कसा करावा

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्या ग्रीन कार्डधारकाला पाचऐवजी तीन वर्षांतच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्यासाठी नुसतं लग्न टिकून असणं पुरत नाही. अर्जाआधीची सलग तीन वर्षं दोघं एकत्र नांदत असले पाहिजेत आणि त्या संपूर्ण काळात जोडीदार अमेरिकन नागरिक असला पाहिजे. कागदोपत्री लग्न शाबूत, पण बिऱ्हाडं दोन झाली असतील, तर एन-४०० हा नागरिकत्वाच्या अर्जाचा फॉर्म भरायला बसण्यापूर्वी पुढच्या गोष्टी तपासून घ्या.

१. तारखा मांडा

ग्रीन कार्डावर 'रेसिडेंट सिन्स'पुढे असलेली तारीख, लग्नाची तारीख, जोडीदार नागरिक झाला ती तारीख आणि वेगळं राहू लागलात ती तारीख, या चारही एकाखाली एक लिहा. ग्रीन कार्ड लग्नामुळेच मिळालेलं असायला हवं असं नाही. नोकरीवरून मिळालेलं असलं तरी ही सवलत चालते, पण जोडीदार नागरिक होऊन तीन वर्षं व्हायला हवीत. अर्ज मुदत भरण्याच्या ९० दिवस आधी करता येतो, हे खरं आहे. मात्र ती मुभा फक्त ग्रीन कार्डावरच्या वास्तव्याच्या मुदतीपुरती आहे. एकत्र नांदण्याची तीन वर्षं अर्जाच्या दिवशी पूर्ण भरलेली लागतात. इथे बरेच जण घाई करतात.

२. वेगळं राहणं कुठल्या प्रकारचं आहे ते ठरवा

कोर्टाचा कायदेशीर विभक्ततेचा आदेश असेल, तर तीन वर्षांची वाट बंद. टेक्साससारख्या राज्यात असा आदेश मिळण्याची सोयच नाही, पण म्हणून तिथल्या जोडप्यांना मोकळीक मिळते असं समजू नका. आदेशाविना वेगळे राहणाऱ्यांचा निर्णय प्रत्येक प्रकरण पाहून होतो. किती काळ वेगळे आहात, एकमेकांचा आणि मुलांचा खर्च उचलता का, कायमचं वेगळं व्हायचा विचार आहे का, दोघांपैकी कुणी दुसऱ्या नात्यात आहे का, हे अधिकारी बघतो.

एकाची नोकरी डॅलसला आणि दुसऱ्याची न्यू जर्सीला, किंवा लष्करातली नेमणूक, अशा नाइलाजाच्या दुराव्याने संसार मोडला असं धरत नाहीत. तसं असेल तर नोकरीचं पत्र, येण्या-जाण्याची तिकिटं, एकत्र भरलेला टॅक्स रिटर्न आणि जॉइंट खात्याचे उतारे जोडा. आईच्या आजारपणासाठी पुण्यात जाऊन राहण्यातही लपवण्यासारखं काही नाही. फक्त मुक्काम सहा महिन्यांच्या पुढे गेला, तर सलग वास्तव्याचा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

३. भारतातल्या कोर्टात काय लिहून दिलंय ते पाहा

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट मागताना, आम्ही वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ वेगळे राहतोय, असं दोघांनाही लिहून द्यावं लागतं. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात हे प्रतिज्ञेवर सांगायचं आणि एन-४००मध्ये तोच काळ एकत्र नांदल्याचा म्हणून दाखवायचा, हे जमणारं नाही. खोटं विधान सापडलं तर नुसता अर्ज बुडत नाही, ग्रीन कार्डही धोक्यात येतं.

४. अर्ज दिल्यानंतर काही बदललं तर कळवा

मुलाखतीपर्यंत एकत्र नांदणं आणि शपथेपर्यंत लग्न टिकून असणं, दोन्ही लागतं. मुलाखत पास झाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. शपथविधीला नेण्याच्या एन-४४५ फॉर्ममध्ये, मुलाखतीनंतर लग्न, वैधव्य, वेगळं होणं किंवा घटस्फोट यांपैकी काही घडलं का, असं विचारलेलं असतं. शपथेच्या आधी जोडीदाराचं निधन झालं तरी सवलत जाते. नियम कठोर आहे, पण आहे तो असा.

५. बसत नसेल तर पाच वर्षांची वाट धरा

वेगळं झाल्याने नागरिकत्व हातचं जात नाही, फक्त लवकरचा रस्ता बंद होतो. पाच वर्षांच्या नियमात लग्नाची अट नाही. त्या काळात किमान ३० महिने अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं, शिवाय इंग्रजी, नागरिकशास्त्र आणि चांगल्या वर्तणुकीच्या नेहमीच्या अटी आहेतच. माझं मत विचाराल तर, संसार डळमळीत असताना तीन वर्षांच्या नियमाखाली फी भरण्यापेक्षा थांबलेलं बरं. मात्र ग्रीन कार्ड लग्नावर मिळालेलं असेल, तर पाच वर्षांनंतरही ते लग्न खरं होतं का, हे विचारलं जाऊ शकतं. त्यामुळे एकत्र राहत असतानाचं भाडेपत्र, विमा, फोटो टाकून देऊ नका.

ग्रीन कार्ड दोन वर्षांचं सशर्त असेल, तर आधी आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढून घेण्याचा अर्ज, मार्गी लावा. घटस्फोट झाला असेल, तर लग्न खऱ्या हेतूने केलं होतं हे दाखवून जोडीदाराच्या सहीशिवायही तो भरता येतो.

नागरिक जोडीदाराच्या मारहाणीमुळे किंवा छळामुळे घर सोडावं लागलं आणि त्याच आधारावर ग्रीन कार्ड मिळालं, तर एकत्र नांदण्याची अट माफ असते आणि तीन वर्षांची वाट खुली राहते. अशा वेळी सासर-माहेरच्या सल्ल्यावर न विसंबता इमिग्रेशन वकिलाला गाठा.